रस्ता मोकळा करणारा शिपाई



१८५१ साली इंग्रजांनी चांदीचं एक पदक काढलं. नाव होतं ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. कंपनी सरकारच्या बाजूने १८०३ ते १८२६ या काळात हिंदुस्थानात जे लढले, त्यांच्यापैकी जे तेव्हा हयात होते, एवढ्यांनाच ते मिळणार होतं. फितीवर चांदीच्या बारीक पट्ट्या बसवायच्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेका लढाईचं नाव कोरायचं, अशी त्याची रचना. या नावांमध्ये दोन नावं आपल्या वऱ्हाडातली आहेत. एक तेल्हारा तालुक्यातलं अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३. दुसरं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, १५ डिसेंबर १८०३. पहिली लढाई आजच्या अकोला जिल्ह्यात झाली आणि दुसरी अमरावती जिल्ह्यात. मधे फक्त सोळा दिवस गेले. गाविलगड पडला आणि दोन दिवसांत देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं.

गाविलगडची गोष्ट सांगताना आपण बेनीसिंग किल्लेदाराची आठवण काढतो, आणि ती काढायलाच हवी. तो गड लढवताना पडला. पण त्या वेढ्यात आणखी एक गोष्ट घडली आणि ती फारशी कुणी सांगत नाही. गडावर मारा करायचा तर तोफा उत्तरेकडच्या उंचवट्यावर न्यायला हव्या होत्या, आणि तिकडे तोफ जाईल असा रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपुराहून निघाली. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत सुमारे तीस मैल डोंगर आणि दऱ्या तुडवत तिने आधी स्वतः रस्ता तयार केला आणि मग त्यावरून जड तोफा हातांनी ओढून नेल्या. मेळघाटात पायी हिंडलेल्या माणसाला या सहा दिवसांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीने आपल्या अहवालात या कष्टांचा मुद्दाम उल्लेख केला. गड जिंकला गेला तो तोफांनी भिंतीला खिंडार पाडल्यामुळे, आणि तोफा तिथवर पोचल्या त्या कुदळ-फावड्यामुळे. कुदळ चालवणाऱ्या हातांची नावं मात्र कुठे लिहिली गेली नाहीत.

आजच्या व्याख्यानाचा विषय असाच एक कुदळ-फावड्याचा सैनिक आहे. फरक एवढाच की त्याचं नाव लिहिलं गेलं, आणि स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च युद्धपदकावर लिहिलं गेलं. मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. हा सन्मान जिवंतपणी मिळवणारे ते पहिले सैनिक. भारतीय सेनेच्या इंजिनिअर दलाच्या वाट्याला आजवर आलेलं हे एकमेव परमवीर चक्र आहे.

राणे आपल्या वऱ्हाडचे नव्हेत. २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिये गावात त्यांचा जन्म झाला. हा उत्तर कानडा जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. कोकणी आणि मराठी तिथे शेजारी-शेजारी नांदतात. वडील पोलीस शिपाई. त्यांची बदली झाली की घर हलायचं आणि घराबरोबर मुलाची शाळाही. १९३०च्या सुमारास, म्हणजे पोर बारा वर्षांचं असताना, त्याला स्वातंत्र्य चळवळीने ओढलं. पोलिसाच्या घरात ही गोष्ट परवडणारी नव्हती. वडिलांनी बिऱ्हाड पुन्हा चेंडियेला नेलं.

दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, तोच मुलगा सैन्यात भरती झाला. बावीस वर्षं वय. दल होतं बॉम्बे इंजिनिअर्स, ज्यांचं घर पुण्याजवळ खडकीला आहे. या दलातल्या सैनिकाला सॅपर म्हणतात. पूल बांधायचा, पूल उडवायचा, सुरुंग पेरायचे, पेरलेले काढायचे, नदी ओलांडण्याची सोय करायची, रस्ता करायचा ही सगळी सॅपरची कामं. प्रशिक्षण संपलं तेव्हा राणे त्या तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना मिळाली.

इथे त्याच दलातल्या आणखी एका तरुणाचं नाव घ्यायला हवं. प्रेमींद्रसिंह भगत. राणे भरती झाले त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, जानेवारी १९४१च्या अखेरीस, सेकंड लेफ्टनंट भगत अॅबिसिनियात पळणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या पुढे चालत होते. सलग चार दिवस, म्हणजे शहाण्णव तास, त्यांनी पंचावन्न मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीच्या बराकींतून या कामगिरीचे किस्से फिरत असणार. नव्या रिक्रूटांपुढे आदर्श होता तो पुढे राहून रस्ता साफ करणाऱ्या माणसाचा, आणि ही गोष्ट राण्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाची आहे.

राण्यांची पहिली मोठी परीक्षा ब्रह्मदेशात झाली. सव्विसाव्या इन्फंट्री डिव्हिजनच्या अठ्ठाविसाव्या फील्ड कंपनीत ते होते. आराकानमधून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा बुथिडाँगला महत्त्वाची ठिकाणं उडवून देण्यासाठी दोन सेक्शन मागे ठेवले गेले. त्यांची जबाबदारी राण्यांकडे होती. काम झाल्यावर नौदलाच्या बोटी येऊन त्यांना घेऊन जातील असं ठरलं होतं. स्फोट झाले, काम फत्ते झालं, पण बोटी काही आल्या नाहीत. पुढे नदी आणि नदीवर जपान्यांची गस्त. राण्यांनी आपली माणसं त्याच नदीतून पार केली आणि डिव्हिजनपर्यंत सुखरूप पोचवली. पुढे लवकरच ते हवालदार झाले. अधिकाऱ्याचा हुद्दा मिळायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. तेव्हा वय होतं एकोणतीस. बहुतेक अधिकारी या हुद्द्यावर विशीत असतात. राणे शिपायाच्या पायरीपासून चढत आले होते आणि सॅपरच्या कामाचा प्रत्येक बारकावा त्यांच्या हातांना ठाऊक होता.

पहिलं काश्मीर युद्ध चालू होतं आणि तो डिसेंबर जम्मूच्या आघाडीवर फार वाईट गेला. टोळीवाले आणि त्यांच्यामागचं पाकिस्तानी बळ यांनी नोव्हेंबरातच राजौरी घेतली होती आणि तिथल्या वस्तीवर अनन्वित अत्याचार केले होते. २४ डिसेंबर १९४७ला झांगड पडलं. झांगडच्या त्या लढाईत महार रेजिमेंटचे नायक कृष्णा सोनावणे यांनी आपली मशीनगन सोडली नाही, त्याबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. या रेजिमेंटचं नाव इथे नुसतं ओझरतं घेऊन पुढे जाता येणार नाही, कारण वऱ्हाडातल्या कितीतरी घरांचं तिच्याशी नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तोच लढा लढवला. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ज्यांना सैन्याचं दार बंद केलं होतं, त्यांचाच एक नायक सहा वर्षांनी झांगडला मशीनगनवर ठाण मांडून बसला होता.

६ फेब्रुवारी १९४८ला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडने तो परतवला. तैनधारच्या टेकडीवर नायक जदुनाथ सिंह यांनी प्राण दिले आणि परमवीर ठरले. १८ मार्चला झांगड परत घेतलं गेलं. आता राजौरी घ्यायची होती.

राजौरी घेण्याचं काम एकोणिसाव्या इन्फंट्री ब्रिगेडकडे आलं. पायदळ पुढे जाऊ शकत होतं, डोंगर चढू शकत होतं. पण त्यांच्याबरोबर रणगाडे असले तरच झटका बसणार होता. सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे तयार होते. स्टुअर्ट हा हलका रणगाडा म्हणून ओळखला जातो, तरी त्याचं वजन तेरा-चौदा टन भरतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधून जाणारी अरुंद वाट. शत्रूने तीच वाट पकडली होती. चिडाची झाडं पाडून आडवी टाकली, मोऱ्या उडवल्या, कडेचे बांध फोडले, जागोजाग सुरुंग पेरले आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन लावून ठेवल्या. एखाद्या वळणावर पहिला रणगाडा अडकला की मागचे सगळे उभ्या जागी निशाणावर येणार.

वऱ्हाडातल्या माणसाला सुरुंग नवा नाही. विहीर खणताना काळा पाषाण लागला की आपण सुरुंगच लावतो. तिथे दारू कुठे ठासली, वात किती लांब आहे, पेटवल्यावर किती वेळात लांब पळायचं, हे सगळं आपल्या हातात असतं. रणांगणावरचा सुरुंग दुसऱ्याने पुरलेला असतो. तो दिसत नाही. सॅपर जमिनीवर पालथा पडून संगिनीचं टोक मातीत तिरकं टोचत पुढे सरकतो. सरळ उभी संगीन खुपसली तर ती नेमकी सुरुंगाच्या डोक्यावर पडते. टोकाला काही कठीण लागलं की हातांनी अलगद माती बाजूला करायची, खाली दुसरा सुरुंग किंवा तार जोडलेली नाही ना ते चाचपायचं, आणि मगच तो निकामी करायचा. धातू ओळखणारं यंत्र असतं, पण लाकडी पेटीतल्या सुरुंगापुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. हे काम घाईत होत नाही. आणि वरून गोळ्या येत असतील तर माणसाचं सगळं अंग घाई कर म्हणून ओरडत असतं. सॅपरचं धैर्य असतं ते हातांचा वेग मुळीच वाढू न देण्यात.

८ एप्रिल १९४८. चौथ्या डोगरा पलटणीने बरवालीच्या डोंगरधारेवर चढाई केली होती. नौशेऱ्यापासून ही धार सुमारे अकरा किलोमीटरवर आहे. राण्यांचा सेक्शन, सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीतला, नौशेरा-राजौरी रस्त्याच्या सव्विसाव्या मैलाजवळ सुरुंग काढण्यासाठी तयार उभा होता. सकाळी अकराच्या सुमारास शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राण्यांची दोन माणसं तिथेच गेली. पाच जखमी झाले, त्यांत खुद्द राणे होते. काम अजून सुरूही झालं नव्हतं.

परमवीर चक्राबरोबर एक लेख असतो. कोणत्या कामगिरीसाठी हा सन्मान दिला, त्याचं अधिकृत वर्णन. राण्यांचा हा लेख वाचणाऱ्याला चकित करतो, कारण तो बराचसा कामाच्या हजेरीपटासारखा आहे. त्यात वेळा आहेत. इतक्या वाजता सुरू केलं, इतक्या वाजता झालं, पुन्हा इतक्या वाजता सुरू केलं.

पहिल्या दिवशी सकाळी जखम झाली. राण्यांनी उरलेल्यांना गोळा केलं, काम चालू केलं आणि दिवसभर रणगाड्यांच्या आसपास गोळीबारातच ते राहिले. संध्याकाळी साडेचारला बरवालीची धार ताब्यात आली. शत्रू पुरता हटला नव्हता, तरी राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणाचा रस्ता खोदायला घेतला. रात्री दहापर्यंत हे काम शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात चाललं.

९ एप्रिल. पहाटे सहाला सुरुवात, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. रणगाडे हलले तसे राणे सगळ्यांत पुढच्या चिलखती कॅरिअरमध्ये चढले. अर्धा मैल गेल्यावर चिडाची झाडं आडवी. उतरले, झाडांना दारू बांधली, उडवली. तीनशे यार्डांवर तेच. पाच वाजत आले. पुढची मोरी उडवून दिलेली, आणि कामाला हात लावण्याआधीच मशीनगन सुरू झाली. तिथेही कडेने वाट काढली. सव्वासहाला उजेड मावळू लागला तेव्हा पाच मोठी चिडाची झाडं एकावर एक पडलेली, भोवती सुरुंग आणि वरून गोळीबार. राणे सुरुंग काढायला बसलेच होते. ताफ्याच्या कमांडरने अंधार ओळखून रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी नेले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. तोच अडथळा, पाठीशी काही रणगाड्यांचा आधार. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि फोडलेले बांध. साडेदहाला तेही झालं. तिथून रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले.

लेखातली ही जागा सगळ्यांत जास्त वेळ थांबून वाचावी अशी आहे. रणगाडे पुढे गेले होते. ज्या कामासाठी राण्यांना पाठवलं ते एका अर्थाने झालं होतं. पण मागून दारूगोळा, अन्न, पेट्रोल आणि जखमींची वाहनं यायची होती, आणि ती नदीच्या पात्रातून येऊ शकत नव्हती. राणे रस्त्यावरच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, जखम तशीच. रात्री नऊपर्यंत काम. ११ एप्रिलला पुन्हा पहाटे सहाला सुरू. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरीही त्या रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करणं चालूच राहिलं. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

राण्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. सुरुंगांच्या पट्ट्यातून जाताना ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत सुरुंग काढत गेले, आणि हातातल्या दोऱ्या ओढून वरच्या चालकाला थांब, चल, अशा खुणा करत राहिले. रणगाडा हीच त्यांची ढाल. चित्र डोळ्यांसमोर आणलं तर अंगावर काटा येतो. पण ही गोष्ट बाजूला ठेवली तरी हजेरीपट पुरेसा आहे. ८ तारखेच्या सकाळी अकरापासून ११ तारखेच्या रात्री दहापर्यंत त्र्याऐंशी तास होतात. त्यांतले पंचावन्नहून जास्त तास हा जखमी माणूस रस्त्यावर काम करत होता.

या आकड्याशेजारी वऱ्हाडातलाच एक आकडा ठेवावा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेचा पंचाहत्तर किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग तयार झाला आणि गिनेस बुकात नोंदला गेला. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी संपलं. सातशेवीस माणसं पाळ्यांनी राबली. या भागातल्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ऐन उन्हात, रात्री दिव्यांच्या उजेडात, न थांबता रस्ता करणं म्हणजे शरीराची काय दशा होते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. त्या कामगारांचं कौतुक करावं तेवढं थोडं. राण्यांच्या वाट्याला तसलेच दिवस आले होते, त्यांत मशीनगन होती, सुरुंग होते, अंगात जखम होती आणि नुकतीच डोळ्यांदेखत गेलेली दोन माणसं होती.

आपल्याकडे शौर्याच्या ज्या कथा घरोघर सांगितल्या जातात त्या बहुतेक एका क्षणाच्या आहेत. यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. सेक्शनमधले सगळे साथीदार पडले तेव्हा हा बावीस वर्षांचा मराठा लाइट इन्फंट्रीचा नायक एकटा मशीनगनवर धावून गेला, हातगोळा टाकला, टॉमीगन चालवली, शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. कंपनीच्या या निरोप्याने दोन जखमींना पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित जागी आणलं, मग शत्रूच्या मशीनगनच्या जागा एकट्याने निकामी केल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते परत आले. बरोबर तीन वर्षांनी, त्याच ९ एप्रिलला, राणे चिडाची झाडं उडवत होते.

घाडगे आणि जाधव यांचं शौर्य मोजायला कुणी जाऊ नये. पण त्या क्षणाला माणसाच्या रक्तात काहीतरी उसळतं आणि ते त्याला पुढे फेकतं. राण्यांच्या चार दिवसांत असं उसळून पुन्हा शांत व्हायला भरपूर वेळ होता. रोज रात्री काम थांबत होतं. रोज पहाटे पुन्हा उठायचं होतं, काल गोळ्या कुठून आल्या ते पक्कं ठाऊक असताना, आणि त्याच जागी जाऊन पुन्हा गुडघे टेकायचे होते. एकदा धाडस करणं आणि सलग तीन पहाटे तेच धाडस नव्याने पत्करणं, यांत अंतर आहे. आपल्या शाळांतून हे दुसऱ्या प्रकारचं शौर्य फार कमी शिकवलं जातं. रोज उठून तेच जोखमीचं काम करणारी माणसं आपल्या भोवती असतात, म्हणून ते शिकवायला हवं.

लेखात एक गोष्ट कुठेच नाही. राण्यांनी किती शत्रू मारले, याचा उल्लेख नाही. ज्या कामगिरीला देशाचं सर्वोच्च युद्धपदक मिळालं तिच्यात बंदूक जवळजवळ दिसत नाही. दिसतात ती संगिनीची टोकं, फावडी, स्फोटाच्या वाती आणि घड्याळ. १९५०च्या सरकारने हे ओळखलं ही लहान गोष्ट नव्हे. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५०ला स्थापन झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या कामगिरीला लागू केलं गेलं. त्या पहिल्या काश्मीर युद्धात पाच जणांना ते मिळालं: सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंह, रामा राणे, पिरू सिंह आणि करम सिंह. त्यांपैकी राणे आणि करम सिंह हे दोघेच हयात होते.

या पदकाची घडण करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचाही महाराष्ट्राशी घट्ट संबंध. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, न्यूशातेलला जन्मलेल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि इथले पुराणग्रंथ त्यांनी मनापासून अभ्यासले. वज्र घडवण्यासाठी दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्या कथेवरून त्यांनी पदकावर इंद्राची चार वज्रं कोरली. जांभळी फीत आणि कांस्याचं साधं वर्तुळ. पहिल्या परमवीर सोमनाथ शर्मांच्या भावाशी सावित्रीबाईंच्या मुलीचं लग्न झालेलं होतं. तो भाऊ, सुरिंदरनाथ शर्मा, इंजिनिअर दलाचाच. पुढे ते त्या दलाचे प्रमुख झाले.

राणे १९५८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरही १९७१पर्यंत सैन्याच्याच सेवेत वेगळ्या नात्याने राहिले. लढाऊ सेवेत त्यांचं नाव पाच वेळा अहवालांत गौरवाने घेतलं गेलं. १९५५मध्ये लग्न झालं, मुलंबाळं झाली, पुण्यात संसार झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात त्यांचं निधन झालं. १९८०च्या दशकात शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, त्यांत एक राण्यांच्या नावाचं होतं. पंचवीस वर्षं चालून ते सेवेतून गेलं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३च्या २३ जानेवारीला अंदमानातल्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावं देण्यात आली, त्यांतही राणे आहेत.

जहाज, पुतळा, बेट हे सारं ठीकच आहे. पण राणे आपल्याला कळतात ते त्या एका पानाच्या लेखामुळे. घड्याळाच्या त्या वेळा कुणी तरी शेतातल्या सालगड्याच्या हिशेबाइतक्या चोख लिहून ठेवल्या नसत्या, तर आपल्या हाती उरलं असतं ते ‘असामान्य धैर्य दाखवलं’ एवढं एक वाक्य. आणि त्या वाक्यावरून कुणालाच काही समजलं नसतं.

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत सेना मेडल, शौर्य चक्र, वीर चक्र मिळवलेल्यांची घरं आहेत. काही ठिकाणी पदक मुलाच्या हाती आलेलं, काही ठिकाणी आईच्या किंवा पत्नीच्या. बहुतेक घरांत पदकाबरोबर आलेला लेख इंग्रजीत असतो, एखाद्या पेटीत घडी घालून ठेवलेला. घरातल्या थोरामोठ्यांना तो वाचता येत नाही आणि गावातल्या पोरांना त्याचा पत्ताच नसतो. शाळेच्या भिंतीवर शहिदाचा फोटो असतो, त्याखाली नाव आणि तारीख असते, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी हे लेख मागवून एकत्र करावेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते मराठीत उतरवावेत, ज्यांनी त्या माणसाबरोबर लढाई पाहिली असे साथीदार अजून असतील तर त्यांचं सांगणं नोंदवून घ्यावं, ठिकाणांचे नकाशे जोडावेत. मग प्रत्येक लेख त्या-त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवावा. कामाला फार पैसा लागत नाही. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर अशा पहिल्या दहा लेखांचं वाचन ठेवता येईल, आणि त्याची जबाबदारी आजच दोघा-तिघांनी नावानिशी उचलावी, अशी या सभेला विनंती आहे.